जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायची आहे, सातारा परिसरात फिरवायला (बजेट ४ लाख)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४७, साताऱ्यात एमआयडीसीत टूलरूमला नोकरी. दारात एक डिझेल एसयूव्ही आहे, ती घरची गाडी, लग्नकार्य, दवाखाना, भाजी, सगळं तिच्यात. या जूनमध्ये पोरगी पुण्याला शिकायला गेली. तिला हॉस्टेलवर सोडून परत येताना खंबाटकी चढत होतो, आरशात मागची सीट रिकामी दिसली आणि डोक्यात आलं की आयला आता चार दारं कशाला हवीत मला. तेव्हापासून झोप नाही.

तर, एक जुनी, चालवायला मजा येईल अशी गाडी हवीय. आठवड्यातून एक-दोनदा पहाटे काढायची, यवतेश्वर चढून कासपर्यंत, नाहीतर ठोसेघर, नाहीतर मेढ्यावरून केळघर घाटानं महाबळेश्वर, वर्षातून एकदा कुंभार्ली उतरून चिपळूण. शोरूम कंडिशन नको, कपाटात ठेवायची नाहीये. पण दर रविवारी टोचण करून आणायला लागेल अशीही नको.

डोक्यात आहेत त्या: सॅन स्टॉर्म (लहानपणापासून... म्हणजे कॉलेजपासून डोळ्यात भरलेली), फियाट पालिओ १.६, जुनी होंडा सिटी व्हीटेक, काँटेसा. आणि खरं स्वप्न विचाराल तर माझदा मियाटा, परदेशात जुन्या स्वस्तात मिळतात म्हणे, कुणी आणलीय का इकडं? बजेट ४ लाख, त्यातच दुरुस्ती आणि कागदपत्रं. हसू नका.

खंबाटकी_थर्ड_गिअर
स्वागत आहे दादा. हसत नाही, आमच्याकडं येऊन बसा एकदा, आमचीही बायको असंच म्हणते की हसू नका.

मियाटाचं आधी मिटवून टाकू. १९८९ ला आली, १.६ चं इंजिन, वजन एका टनाच्याही आत, इंजिन पुढं आणि ओढ मागच्या चाकांना. गाडी म्हणजे कशी असावी याचं उत्तरच आहे ते. पण आपल्याकडं कंपनीनं कधी विकली नाही, आणि वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर ड्युटी अशी बसते की त्यात साताऱ्यात गुंठा येईल. म्हणजे १९९० ची मियाटा विसरा. फोटो लावा टूलरूममध्ये.

दुसरं, "स्पोर्ट्स गाडी" या शब्दात अडकू नका. भारतात त्या नावाची स्वस्त जुनी गाडी जवळजवळ सॅन स्टॉर्मच, बाकी सगळ्या साध्या गाड्या ज्यांच्यात कुणीतरी चुकून चांगलं इंजिन घातलं. मियाटाची खरी गंमत काय तर वजन कमी. ते इकडंही मिळतं. जुनी एस्टीम बघा, १.३ चं ८५ हॉर्सपॉवर आणि गाडी नऊशे किलोच्याही आत. रॅलीवाल्यांनी उगाच नाही वर्षानुवर्षं तीच पळवली. दिसायला सरकारी ऑफिसरची गाडी, पण हलक्या गाडीला वळणावर जे येतं ते दीडशे हॉर्सपॉवरच्या जड गाडीला येत नाही.

काँटेसा मात्र काढून टाका यादीतनं. १.८ इसुझू पेट्रोल आहे, मागच्या चाकांची आहे, सगळं खरं, पण यवतेश्वरच्या वळणाला ती वळत नाही, सोसायटीच्या मीटिंगसारखा ठराव मांडते आधी.

डिझेलच_बरं
ठराव मांडते :D :D वारलो
धागाकर्ते, चार लाखात आमच्याकडं दोन म्हशी येतात, दूध तरी देतील. (हलकं घ्या.)

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. एकच गोष्ट सांगायला आलोय आणि ती जरा सविस्तर सांगतो कारण माझे त्यात पैसे गेलेत.

सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातली जुनी गाडी घेणार असाल तर आधी एकच विचारा, २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ही गाडी कुठं होती? २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गावभागात, कोल्हापूर रोडला, पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात, दिवसच्या दिवस. त्यातल्या बऱ्याच इन्शुरन्सनं टोटल लॉस केल्या, लिलावात गेल्या, धुतल्या, पॉलिश झाल्या आणि परत बाजारात आल्या. त्यातलीच एक मी घेतली, २०२० च्या दिवाळीत. डीलरचं नाव घेत नाही, कंपनीचंही नाही, सेडान होती एवढंच.

पहिले तीन महिने एक नंबर. मग एका रात्री पार्किंगमध्ये उभ्या गाडीची मागची काच आपोआप खाली. मग हॉर्न दाबला की वायपर. इलेक्ट्रिशियननं स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडला, कनेक्टर सगळे हिरवे पडलेले, आणि मागच्या बाजूला वाळलेला गाळ, तो आपल्या नदीचा काळा, नखानं खरवडला की पापुद्रा निघतो तसा. त्यात भाताच्या दाण्याएवढा गोगलगायीचा शंख होता. मी तो काढून अजून काचेच्या बाटलीत ठेवलाय, कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की दाखवतो.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा पेंटकडं बघूच नका. सीटबेल्ट पूर्ण ओढा, अगदी शेवटपर्यंत, बाहेरचा भाग सगळे धुतात, रीळमध्ये गुंडाळलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. सीटच्या खालच्या रेल्स बघा, बोल्टला गंज असेल तर का आहे विचारा, गाडीच्या आत पाऊस पडत नाही. कार्पेट उचला, खालचा फोम दाबा आणि हात नाकाला लावा. तो वास एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. स्टेपनीच्या खळग्यात बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ बघा. आणि आतून परफ्यूमचा घमघमाट येत असेल तर चहा पण न पिता परत या.

साताऱ्याच्या गाडीला हा धोका कमी, उंचावर आहात. पण सांगलीची गाडी साताऱ्यात येऊन विकली जातेच की.

गोडोलीकर
बापरे. शंखाचं वाचून काटा आला. आभार दादा, हे मला सुचलंच नसतं.

वाईकर_हेराल्ड
धाग्याचं नाव वाचून आलो, आणि यादीत एकही खरी जुनी गाडी नाही म्हणून वाईट वाटलं. सॅन स्टॉर्म १९९८ ची, बाकीच्या त्याच्या मागंपुढं. आमच्या दारात स्टँडर्ड हेराल्ड आहे, वडिलांनी घेतलेली.

तुम्ही म्हणाल हेराल्ड कुठली स्पोर्ट्स गाडी. पण मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, तिच्याच चेसिसवरनं ट्रायम्फनं १९६२ ला स्पिटफायर काढली, ती दोन सीटची. म्हणजे खालून बघाल तर चुलत बहिणीच. डिझाइन मिकेलोटी या इटालियन माणसाचं. सगळं बॉनेट मडगार्डासकट पुढं उघडतं, पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करायचं, लहानपणी माझी तीच जागा होती, वडिलांना पाने द्यायचो. आणि वळते एवढ्याशा जागेत की वाईच्या बाजारपेठेत आजही एसयूव्हीवाले बघत राहतात.

आता दोष, कारण प्रेमात दोष लपवू नयेत. मागचा अ‍ॅक्सल स्विंग पद्धतीचा आहे. म्हणजे दोन्ही चाकं मध्यातून बिजागरीसारखी हलतात. पसरणीच्या घाटात उतरताना वळणात वेगानं शिरलात आणि घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट सुटतं. माझ्या वडिलांचा एकच नियम होता, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय स्थिर. नवीन गाड्यांनी माणसाला हे विसरायला लावलंय. मजा म्हणाल तर चाळीसच्या स्पीडला घाम फुटतो आणि घाम फुटूनही लायसन्स शाबूत राहतं.

अवांतर पण महत्त्वाचं: ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून व्हिंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २० हजार, दहा वर्षांसाठी. कौतुक खूप होतं त्याचं. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या रस्त्यावर वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. मग मी काय केलं तर व्हीए घेतलंच नाही, साधं पासिंग दर पाच वर्षांनी रिन्यू करतो. मला मेणवलीला मिसळ खायला जायचं असतं, त्याला रॅली म्हणत नाहीत.

खंबाटकी_थर्ड_गिअर
काका, एकदा बॉनेटवर बसून पाने द्यायची संधी द्या, वयाचा विचार करू नका. व्यक्तिगत निरोप केलाय.

बापू_मिस्त्री_कराड
राम राम. मी टाइप करत नाय, पोरगा करतोय, मी सांगतोय तसं.

गोडोलीकर साहेब, गाडी कुठली ते नंतर. आधी तुमच्या गावात तिचं काम करणारा माणूस हाय का बघा आणि तो अजून किती वर्षं काम करणार ते बघा. लय गाड्या चांगल्या हायत पण त्यांचा मिस्त्री गेला की गाडी पण गेली. सॅन स्टॉर्मला इंजिन रेनॉचं हाय १.२ चं, इंजिन काय वाईट नाय, पण सामान कुठनं आणणार? बॉडी फायबरची, ती गंजत नाय म्हणून लोक खूश, अरे पण खाली लोखंड हायच की, ते गंजतं आणि वरनं दिसत बी नाय. फायबरला ठोकर लागली की दुसऱ्या टोकाला तडा जातो.

पालिओ १.६ मी लय हाताळल्या. १०० हॉर्सपॉवर, रस्त्याला अशी बसती की बसलेल्या माणसाला वाटतं गाडी पाच टनाची हाय. हायवेला तिला तोड नाय. पेट्रोल पिती, ते तुमाला चालंल. सामान आता शोधावं लागतंय, कायकाय पुण्याला, कायकाय मुंबईला.

सिटी व्हीटेक, २००० ते २००३ वाली, त्यात बघा टायमिंग बेल्ट हाय, चेन नाय. कधी बदलला ते मालकाला विचारा, मालक डोकं खाजवाय लागला की समजा बदललेला नाय. बेल्ट तुटला की वॉल्व पिस्टनवर आपटत्यात, मग इंजिन खोलावंच लागतंय.

गाडी बघायला जाताना सकाळी जावा आणि मालकाला सांगून ठिवा की गाडी चालू करून ठिवू नका, थंड पायजे. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम असंल तर कायतरी लपवतोय. थंड इंजिन चालू करा आणि मागं एक माणूस उभा करा. निळा धूर म्हंजी ऑइल जाळती. पांढरा धूर थांबतच नसंल तर हेड गॅस्केट. ऑइलचं झाकण उघडून बघा, आत लोण्यासारखं पांढरट दिसलं तरी तेच. स्टिअरिंग फुल्ल वळवून हळू चालवा, कटकट आली की सीव्ही जॉइंट. सेकंड गिअर टाकताना खरखर केली तर गिअरबॉक्स. दारं उघडून रबर सोलून बघा, खाली कंपनीचे वेल्डिंगचे स्पॉट एकसारखे दिसायला पायजेत, लांबी म्हंजी पुट्टी भरलेली असंल तर गाडी कुठंतरी ठोकून वाजलेली हाय. खिशात बारकं चुंबक ठिवा, पत्र्याला चिकटलं नाय म्हंजी खाली पुट्टी.

आणि टायरवर चार आकडे असत्यात, पहिलं दोन आठवडा, पुढचं दोन साल. टायर गोटा नसला तरी सहा-सात वर्षांच्या वरचा असंल तर पैसं कापून घ्या. जुना टायर घाटात ऐकत नाय कुणाचं.

ऊसवाला_वाळवा
बापूंना सलाम. एक मुद्दा राहिला, पेट्रोल. आता सगळीकडं ई-२० आलंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत, आतले रबरी पाइप, कार्बोरेटरची गॅस्केटं, डायफ्राम, सगळं हळूहळू फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळं गाडी महिना महिना उभी राहिली की टाकीत पाणी खाली बसतं. आमच्या पद्मिनीचा पेट्रोल पाइप तुटून एक्झॉस्टशेजारी ठिबकत होता, वेळेत वास आला म्हणून वाचलो. तेव्हा कुठलीही घ्या, पहिल्याच आठवड्यात सगळे पेट्रोल पाइप इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या, आणि गाडी दर आठवड्याला पळवा. पुण्याला गेलात तर एक्सपी १०० नावाचं पेट्रोल मिळतं त्यात इथेनॉल नसतं, पण भाव ऐकून गाडी ढकलत न्यावी वाटते.

गंमत बघा, ऊस आमचा, कारखाना आमचा, इथेनॉल आमचं, आणि पाइप पण आमचाच फुटला. तक्रार कुणाकडं करायची.

तेजू_विश्रामबाग
इन्शुरन्समध्ये काम करते म्हणून कागदांचं सांगते. १५ वर्षांनंतर आरसी, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते, त्याआधी गाडी तपासली जाते. कारची फी २०२२ पासून ५,०००, आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तर विकणारा "पासिंगचं तुम्ही करून घ्या" म्हणाला की हे सगळं किमतीतून वजा करा, आणि तारखेच्या आत रिन्यू नसेल तर दंडाचंही विचारा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः वाचा, फोटोवर विश्वास नको. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तशीच महिनोन्महिने फिरवायची पद्धत आहे आपल्याकडं, ते अजिबात करू नका, अपघात झाला तर जुना मालक आणि तुम्ही दोघंही लटकता.

सिटी बघत असाल तर आणखी एक, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मधल्या काळात गॅस किट बसवलेलं होतं. डिकीच्या फरशीला बोल्टची भोकं दिसतात का बघा. आरसीवर इंधन काय लिहिलंय तेही बघा.

बाय द वे माझ्याकडं झेन कार्बन आहे, तीन दारांची. कुणी स्पोर्ट्स म्हणत नाही पण शंभर फुटी रोडला सिग्नलवर लोक काच खाली करून विचारतात, ताई विकणार का.

डिझेलच_बरं
ताई विकणार का?

तेजू_विश्रामबाग
नाही.

गोडोलीकर
मंडळी, अपडेट देतो. तीन आठवडे झाले, दोन गाड्या बघितल्या.

पहिली सॅन स्टॉर्म, पुण्यात. लाल. दुरून बघितली आणि पाय लटपटले खरं सांगतो, वीस वर्षांपूर्वी जशी दिसली होती तशीच. बसलो, बूड जमिनीला टेकल्यासारखं, छत मागं टाकलं की डोक्यावर आभाळ. पण दार लावलं तर तीनदा आपटून लागलं, बॉनेटच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, आणि बापूंनी सांगितलेलं आठवून जॅकवर घेऊन खाली बघितलं तर डाव्या बाजूचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आत गेलं. मालक चांगला माणूस होता, तोच म्हणाला, साहेब, हिला घर बांधून ठेवणारा माणूस पाहिजे, चालवणारा नको. किंमत साडेचार. परत येताना गाडीत कुणाशी बोललो नाही. गाडीत कुणी नव्हतंच म्हणा.

दुसरी पालिओ १.६, सांगलीत. कृष्णाकाठ दादा स्वतः आले माझ्याबरोबर, ओळख ना पाळख, स्कूटरवरून. डीलर म्हणाला मिरजेच्या डॉक्टरांची सिंगल ओनर, क्लिनिक ते घर एवढीच फिरली. पेंट चकचकीत. आत बसलो तर लिंबाचा वास. दादांनी काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा ओढत राहिले. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ. डीलर म्हणाला, गाडी धुताना पाणी गेलं असेल. दादा म्हणाले, कुठं धुतली, आयर्विनखाली का?

चहा न पिता परत आलो.

मिरजवाला
आमच्या मिरजेत डॉक्टर आहेत हे मान्य, गावच दवाखान्यांचं. पण महाराष्ट्रात जेवढ्या "मिरजेच्या डॉक्टरांच्या सिंगल ओनर" गाड्या विकायला आहेत तेवढे डॉक्टर असते तर पेशंट कमी पडले असते. आमच्या शेजारच्या खऱ्या डॉक्टरांची गाडी बघा कधी, सर्व्हिसिंगला वेळ नाही, ऑइल शेवटी कधी बदललं त्यांना आठवत नाही, आणि मागच्या सीटवर औषधांचे खोके.

गोडोलीकरची_लेक
बाबा, आईला हा धागा सापडलाय. मी नाही दाखवला. तिनं "मागची सीट रिकामी" वाचलं आणि फोन केला मला, आधी हसली मग रडली मग म्हणाली त्यांना सांग लाल नको, डोळ्यावर येते.

खंबाटकी_थर्ड_गिअर
परवानगी आली रे!! आता मागं फिरू नका दादा.

बापू_मिस्त्री_कराड
साहेब, कराडात एक सिटी व्हीटेक हाय, २००२ ची. बँकेतनं रिटायर झालेलं गृहस्थ हायत, गाडी माझ्याकडंच असती कामाला म्हणून मी मधला दलाल हाय असं समजू नका, मला कमिशन नको. कराडची असली तरी नंबर साताऱ्याचा एमएच ११ हाय, कराडचा ५० नंबर नंतर आला. बेल्ट बदललेला नाय, मीच सांगतो. टायर म्हातारे हायत. पण पत्रा शंभर टक्के आणि पुराचा संबंध नाय, ओगलेवाडीला उंचावर घर हाय. थंड ठिवायला सांगतो, या.

कृष्णाकाठ
जाताना सीटबेल्ट ओढाच, बापूंची असली तरी.

गोडोलीकर
घेतली.

आता सविस्तर. पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉनेट बर्फासारखं गार. चावी फिरवली, एका झटक्यात चालू, धूर नाही. सीटबेल्ट ओढला (दादा!), शेवटपर्यंत करडा स्वच्छ. डिकीत भोकं नाहीत. ऑइलचं झाकण कोरडं. मालक सोबत बसले आणि विट्याच्या रस्त्याला घेऊन चला म्हणाले. सेकंडला घेतली, तीन हजार, चार हजार आरपीएम, साधीच गाडी, मला वाटलं एवढंच का. मग काका शेजारून शांतपणे म्हणाले, पाय काढू नका. पाच हजारांच्या वर गेली आणि आवाजच बदलला, आत्तापर्यंत गुणगुणत होती ती एकदम गायला लागली, आणि मी ४७ वर्षांचा माणूस मोठ्यानं हसलो. काका म्हणाले, मला पण दर वेळी असंच होतं, आता गुडघे ऐकत नाहीत.

सव्वादोन सांगितले होते, १ लाख ९० ला ठरलं. पासिंग २०२७ पर्यंत आहे. ट्रान्सफरचे कागद पहिल्या आठवड्यात भरले, तेजूताई. बापूंनी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचे लोअर आर्म बुश, चार टायर (जुने २०१६ चे निघाले), आणि ऊसवाले दादांच्या सांगण्यावरून सगळे पेट्रोल पाइप बदलले, मिळून ५८ हजार. म्हणजे अडीच लाखाच्या आत. उरलेल्याचं काय ते घरी बोलायचं नाही असं ठरलंय.

दोष पण सांगतो. खालून फार बुटकी, यवतेश्वर गावातल्या स्पीडब्रेकरला तिरकी घ्यावी लागते नाहीतर पोट घासतं. एसीला दम नाही. आणि घाटात दोन तास चालवली तर अ‍ॅव्हरेज दहावर येतं, त्या आकड्याकडं मी बघत नाही.

काल पहाटे पावणेसहाला काढली, बोगद्याकडनं वर. रविवार असला की सात वाजल्यापासून कासला पुण्याच्या गाड्या सुरू होतात, त्याच्या आधी रस्ता आपला. धुकं होतं, काच खाली. हिला पण घेतलं होतं बरोबर, स्वतःहून आली. पहिल्या वळणाला म्हणाली, अहो, पाटावर बसल्यासारखं वाटतंय, जेवायला वाढा. दुसऱ्या वळणाला हँडल धरलं. तिसऱ्याला मागच्या सीटवर ठेवलेला कंदी पेढ्यांचा डबा (लेकीला पाठवायचा होता) या दारापासून त्या दारापर्यंत सटकन गेला आणि उघडला. कासला पोचेपर्यंत दोघांपैकी कुणीच मागं वळून बघितलं नाही.

डिझेलच_बरं
चार दारं कशाला हवीत म्हणत होता ना पहिल्या पोस्टमध्ये? :D

गोडोलीकर
रंग चंदेरी आहे, लाल नाही. एवढं तरी पाळलं.

गोडोलीकरची_लेक
बाबा, पेढ्यांना कार्पेटचे धागे लागलेत. पण मेसमध्ये संपले.

बापू_मिस्त्री_कराड
हजार किलोमीटरला ऑइल बदलायला आणा. येताना डबा घट्ट लावून आणा, आमचं पेढं राहिलंत.